पहिल्या रांगा बाल्कनीहून स्वस्त

नाटकाचा प्लॅन उघडतो, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते, त्या दिवशी नाट्यगृहाच्या खिडकीत एक छापील कागद येतो. वर रंगमंच, खाली ‘ए’पासून सुरू होणाऱ्या रांगा, प्रत्येक खुर्चीला एक चौकट. रांगेत पहिल्या नंबरावर उभा असलेला माणूस कागदावर वाकतो तेव्हा ए, बी, सी, डी या रांगांवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ आधीच ओढलेली असते. ई आणि एफमधल्या मधल्या खुर्च्यांवर फुल्या असतात. एकही तिकीट फाडलेले नसते आणि शंभर-सव्वाशे खुर्च्या संपलेल्या असतात. त्याला मिळते ती जी रांगेतली कडेची जोडी, पाचशेच्या दराने. घरी जाऊन तो सांगतो, नाटक फार महाग झाले.

झालेच आहे. चार माणसांचे घर नाटकाला निघाले की तिकिटांचे दोन हजार आणि वर गाडीभाडे. पण ते महाग का झाले यावर गोव्यात जी चर्चा चालते ती दोनच वाक्यांत फिरते. एक म्हणतो, मुंबईचे निर्माते लुटतात. दुसरा म्हणतो, मल्टिप्लेक्समध्ये मक्याच्या लाह्यांना तीनशे मोजता, मग नाटकालाच का कुरकुर? दोघांनीही खिडकीतला तो कागद नीट पाहिलेला नसतो. तिकिटाच्या दरावर सरकारने कमाल मर्यादा घालावी, ही मागणीही त्यामुळेच चुकीची आहे. मर्यादा घातली तर नाटक येणारच नाही, आणि आले तरी लाल रेघ होती तिथेच राहील. मागायला हवे ते वेगळे: सरकारी नाट्यगृहातल्या प्रत्येक प्रयोगाला ठरावीक स्वस्त खुर्च्या, त्याही बऱ्या जागच्या, आणि फुकट वाटल्या जाणाऱ्या खुर्च्यांचा जाहीर हिशेब.

आधी पैसे कुठे जातात ते पाहू. गोव्यात येणारे व्यावसायिक मराठी नाटक बहुधा कंत्राटावर येते. निर्माता एका प्रयोगाचा आकडा सांगतो, इथला आयोजक तो कबूल करतो आणि पुढचा नफा-तोटा आयोजकाच्या माथी. कंत्राटाच्या रकमेत कलाकारांच्या नाइट (दर प्रयोगाचे मानधन), लेखक-दिग्दर्शकांचे मानधन आणि निर्मात्याचा वाटा येतो. बस, नेपथ्याचा ट्रक, मुक्काम, जेवणखाण, नाट्यगृह, जाहिरात हे सगळे त्याबाहेर. सहा पात्रांच्या नाटकाबरोबर सहाच माणसे येतात असे कुणी समजू नये. व्यवस्थापक, प्रकाश, ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगभूषा, कपडेपट, नेपथ्य लावणारे चार-पाच जण, दोन ड्रायव्हर असे धरले की आकडा अठरा-एकोणीसवर जातो. संगीत नाटक असेल तर ऑर्गन आणि तबला वेगळा.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. कंत्राट प्रयोगाला १,७५,०००. नाट्यगृह, वातानुकूलन आणि भाड्याची जादा प्रकाश-ध्वनियंत्रणा मिळून ४०,०००. बॅनर, वर्तमानपत्र, छपाई २५,०००. हमाली, चहा-नाश्ता आणि किरकोळ १०,०००. हे दर प्रयोगाला लागणारच. दौऱ्याचा खर्च मात्र एकदाच होतो: मुंबईहून सुमारे सहाशे किलोमीटर बस आणि ट्रकची ये-जा ९०,०००, मुक्काम-जेवण ६०,०००. दौऱ्यात दोनच प्रयोग झाले तर प्रत्येकावर ७५,००० चा बोजा पडतो आणि एक प्रयोग ३,२५,००० ला जातो. नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात दीडशे खुर्च्या फुकट गेल्या, दीडशे रिकाम्या राहिल्या आणि सहाशे विकल्या गेल्या, तर खर्च भरून यायलाच सरासरी ५४२ रुपयांचे तिकीट हवे. नफा त्यानंतर.

आता तोच दौरा पाच प्रयोगांचा करा. मुक्काम-जेवणाचा खर्च ८०,००० वर गेला असे धरले तरी वाहतुकीसह वाट्याला ३४,०००च येतात आणि प्रयोग २,८४,००० त बसतो. सहाशे खुर्च्यांना सरासरी ४७३. याच हिशेबात फुकटच्या दीडशेपैकी एकशेदहा खुर्च्या विकायला काढल्या, फुकट चाळीसच ठेवल्या आणि त्या विकल्या गेल्या, तर ७१० खुर्च्यांवर सरासरी बरोबर ४०० होते. म्हणजे निर्मात्याचा एक रुपयाही न कापता ५४२ चे ४०० होतात. यातले साठ-सत्तर रुपये प्रयोगांची संख्या वाढल्याने वाचतात आणि साधारण तेवढेच, किंबहुना थोडे जास्त, लाल रेघ आखडल्याने.

पाच प्रयोग म्हणजे पाच गावे असे मात्र होत नाही, आणि इथेच बरेच उत्साही आयोजक फसतात. फोंडा ते मडगाव अंतर वीसएक किलोमीटर, तेव्हा दुपारी फोंड्याला आणि रात्री मडगावला प्रयोग करू, असे कागदावर सोपे दिसते. दिवाणखान्याचे भरगच्च नेपथ्य उतरवायला, बांधायला आणि ट्रकात चढवायला दीड तास लागतो. दुसऱ्या ठिकाणी ते उभे करून दिवे लावायला, फोकस करायला आणि ध्वनीची चाचणी घ्यायला तीन-चार तास लागतात. साडेतीनचा प्रयोग सव्वासहाला संपला तर मडगावची तिसरी घंटा रात्री साडेअकराला वाजेल. दोन खुर्च्या-एक टेबल असले नाटक असेल तरच हे जमते. जमण्यासारखा मार्ग एकच: एकाच नाट्यगृहात एकाच नेपथ्यावर दुपारी साडेतीन आणि रात्री साडेसात असे दोन प्रयोग. शुक्रवारी रात्री साखळी, शनिवारी दोन फोंड्याला, रविवारी दोन मडगावला. पाच प्रयोग, मांडणी तीनदाच. मालिकांत काम करणाऱ्या नटांना शनिवार-रविवारच मोकळे असतात, तेव्हा याहून ऐसपैस दौरा आखायला वावही नसतो.

कुणी विचारेल, पाच प्रयोग भरतील का? प्रत्येक नाटकाला भरणार नाहीत. चारशे सरासरीने पाच प्रयोगांना साडेतीन हजार माणसे लागतात, आणि अनोळखी नटांच्या नाटकाला गोव्यात तेवढी मिळत नाहीत. अशा नाटकांनी मोठे नाट्यगृह घेऊच नये. पण ज्या नाटकाचे दोन प्रयोग तीन दिवसांत हाऊसफुल्ल होतात, त्याचा तिसरा-चौथा प्रयोग मागणीअभावी अडत नाही, तारखेअभावी अडतो. मडगाव, साखळी, कुडचडे आणि वास्कोची रवींद्र भवने, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, पणजीची कला अकादमी ही सगळी सरकारच्याच छत्राखालची. तारखा मात्र प्रत्येकाच्या दारी वेगळ्या अर्जाने मागाव्या लागतात. शुक्रवार एकीकडे मिळतो, शनिवार दुसरीकडे आधीच कुठल्या तरी शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलेला असतो, दौरा मोडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि सेरेंडिपिटी हा कला महोत्सव. त्यानंतर जत्रांचे दिवस. कला अकादमी २०२१ पासून नूतनीकरणासाठी बंद होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडली. त्या काळात पणजीकरांना मोठे नाटक पाहायचे तर फोंडा किंवा मडगाव गाठावे लागे. एक नाट्यगृह मिटले की दौऱ्यातला एक प्रयोग गळतो आणि गळलेल्या प्रयोगाचा खर्च उरलेल्यांच्या तिकिटात येऊन बसतो, हे तेव्हा फारसे कुणी बोलून दाखवले नाही.

करांबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल गैरसमज पुष्कळ. नाटकाच्या प्रवेशावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. त्यावर गेले की पूर्ण रकमेवर १८ टक्के. ही मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये २५० वरून ५०० वर आली आणि तिथेच थांबली. करनोंदणी असलेल्या आयोजकाने ६०० चे तिकीट लावले तर कर वजा जाता त्याच्या हाती ५०८ येतात. शंभर रुपये वाढवून आठ रुपये मिळाले. ५९० लावले तर बरोबर ५००, म्हणजे शून्य वाढ. म्हणून दर पाचशेवर बराच काळ चिकटून बसतो आणि मग एकदम सातशे-आठशेवर उडी मारतो. मर्यादा वाढवावी ही नाट्यसृष्टीची मागणी रास्तच आहे. पण त्याने पुढची खुर्ची सुटेल, मागची स्वस्त होणार नाही. ॲपवरून तिकीट काढताना जे सोयशुल्क लागते ते मात्र वेगळे. तिकीट करमुक्त असले तरी सोयशुल्कावर १८ टक्के कर लागतोच, आणि तो दर तिकिटामागे. चार तिकिटांना चारदा. खिडकीवर जाऊन काढले तर हा खर्च वाचतो.

आता त्या लाल रेघेकडे. तिच्याखाली कोण बसते? काही खुर्च्या प्रायोजकांच्या. त्यांना फुकटे म्हणणे अन्यायाचे, पण भागाकार करून पाहावा. प्रायोजकाने २५,००० देऊन पन्नास सन्मानिका, म्हणजे फुकट पास, घेतल्या तर त्याला खुर्ची पाचशेला पडली. कुणाचे काही गेले नाही. पण १०,००० देऊन साठ सन्मानिका घेतल्या तर पहिल्या तीन रांगांतली खुर्ची १६७ रुपयांना पडते. बाल्कनीत शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाने तीनशे दिलेले असतात. नाट्यगृहातल्या सर्वांत मानाच्या खुर्च्या सर्वांत वाईट खुर्च्यांहून स्वस्त विकल्या जातात आणि मधला फरक बाल्कनी भरते. बॅनरवर नाव, रंगमंचावर शाल-श्रीफळ आणि दोन मिनिटांचे भाषण हे जाहिरातीचे मोल म्हणून वेगळे धरावे. ते दहा हजारांत घ्यावे आणि सन्मानिका चारच द्याव्यात. आयोजक हे धाडस करत नाही, कारण प्रायोजकाला जाहिरातीपेक्षा साठ पासांचीच गरज असते. त्याला ते पुढे वाटायचे असतात.

उरलेल्या रेघेखाली ओळखीपाळखी. परवानग्या देणारी कार्यालये, वीज, पोलीस, पंचायत, वर्तमानपत्रे, नाट्यगृहाचे कर्मचारी, त्यांचे पाहुणे, आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी आयोजकाला फोन करून ‘पास आसा मरे?’ विचारणारे सगळे. कुणाला नाही म्हणायचे? पुढच्या वेळी तारीख त्याच्याकडूनच घ्यायची असते. एक खुर्ची फुकट दिल्याने काय मोठे बिघडते, असे प्रत्येक वेळी वाटते, आणि हिशेब तर एकशेदहा खुर्च्यांचा झालेला असतो.

याहून वाईट गोष्ट पडदा उघडल्यावर दिसते. बाहेर हाऊसफुल्लचा फलक, करंट बुकिंगच्या खिडकीवरून दहा-वीस माणसे परत गेलेली, आणि सी रांगेत सलग सात खुर्च्या रिकाम्या. ज्याला पास फुकट मिळाला त्याचे न येण्याने काही जात नाही. पाऊस लागला, पाहुणे आले, क्रिकेटचा सामना रंगला, नाही गेला. नट मात्र पहिल्या अंकात त्या सात खुर्च्यांकडे बघत विनोद टाकतो आणि हशा येतो तो बाल्कनीतून, अर्ध्या क्षणाने उशिरा.

गोव्यात हे जास्त का घडते याला एक जुने कारण आहे आणि ते चांगलेच आहे. इथे नाटक देवळासमोर वाढले. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जत्रा, काला, वर्धापनदिन, चवथ यांच्या निमित्ताने उत्सवी नाटक होते आणि ते पाहायला कुणी पैसे देत नाही. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटेकडे मिटतो, समोर सगळा गाव. खर्च असतोच. मंडप, पडदे आणि नेपथ्याचे भाडे, रंगभूषाकार, दिग्दर्शकाचे मानधन, बाहेरून बोलावलेल्या स्त्री कलाकारांच्या नाइट, संगीत नाटक असेल तर ऑर्गन-तबलावाल्यांचे पैसे. तो खर्च देवस्थान समिती उचलते, वर्गणी निघते आणि पुष्कळदा काम करणारे नटच खिशातून घालतात. गावात राजाची भूमिका करणाऱ्याने राजा होण्यासाठी पैसे मोजलेले असतात. या रिवाजाने गोव्याला हौशी रंगभूमीचे जे बळ दिले ते दुसरीकडे क्वचित सापडेल. पण त्यातूनच एक सवयही लागली: नाटक म्हणजे बोलावणे. तिकीट काढून नाटकाला जाणे म्हणजे आपल्याला कुणी बोलावले नाही असा अर्थ निघतो. पास मिळवण्यात पैसे वाचवण्यापेक्षा मान मिळवण्याचा भाग मोठा.

त्याच गोव्यात, त्याच नाट्यगृहात, तियात्राचा, म्हणजे कोंकणी गाण्यांच्या नाटकाचा, प्रेक्षक तिकीट काढून येतो. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून ही रंगभूमी मुख्यतः तिकिटाच्या पैशांवर उभी आहे. जाहिरातीत ‘तिकिटे नेहमीच्या ठिकाणी’ एवढेच लिहिलेले पुरते, कारण गावातले नेहमीचे दुकान कोणते हे सगळ्यांना ठाऊक असते. लोकप्रिय तियात्र शंभर प्रयोगांचा टप्पा गाठतो. नेपथ्य, बँड, तालमी यांचा मूळ खर्च शंभर जागी वाटला जातो, आणि सगळा प्रवास गोव्यातल्या गोव्यात. मराठी नाटकाच्या आयोजकांनी तियात्राकडून विषय किंवा कांतारां (त्यातली गाणी) उचलावीत असे कुणी म्हणत नाही. विक्रीची रीत उचलायला हरकत नाही. साखळीच्या प्रयोगाचे तिकीट वाळपईच्या बाजारातल्या एखाद्या दुकानात मिळत नाही, हे आश्चर्यच आहे. ते घेण्यासाठी एकदा आणि नाटक पाहायला दुसऱ्यांदा, असे दोनदा साखळीला जावे लागते, किंवा ॲपचे सोयशुल्क भरावे लागते.

प्रवासाचा प्रश्न तिकिटाहून मोठा आहे. साडेसातचे नाटक सव्वादहाला संपते. गोव्यातल्या आडमार्गावरच्या बसगाड्या त्याच्या कितीतरी आधी बंद झालेल्या असतात. स्वतःची गाडी नसलेल्या कुटुंबाला फोंड्याहून शिरोड्याला किंवा मडगावहून केप्याला परतायचे तर भाड्याची गाडी आलीच, आणि तिचे भाडे चार तिकिटांच्या जवळ जाते. शंभर रुपयांचे तिकीट अशा माणसाच्या काही उपयोगाचे नाही. म्हणून वर सांगितलेला दुपारचा प्रयोग दुहेरी कामाचा: दौऱ्याचा खर्च वाटला जातो आणि सव्वासहाला बाहेर पडणाऱ्याला बस मिळते. साठीच्या पुढचा प्रेक्षक, जो गोव्यात मराठी नाटकाचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक आहे, रात्री दहाला पायऱ्या उतरण्यापेक्षा संध्याकाळी सहाला उतरणे पसंत करेल. स्वस्त खुर्च्या ठेवायच्या तर आधी दुपारच्या प्रयोगाला ठेवाव्यात.

किती आणि कुठे? नऊशेत नव्वद, म्हणजे दहात एक, दर शंभर रुपये. सरासरी ४०० असताना दर खुर्चीमागे ३०० चा खड्डा पडतो, नव्वद खुर्च्यांना २७,०००. हा खड्डा आयोजकाने भरावा असे म्हटले तर तो तेवढे पैसे उरलेल्या तिकिटांवर चढवेल. म्हणून सरकारी नाट्यगृहाने तेवढी सूट भाड्यात द्यावी, आणि ती फक्त स्वस्त खुर्चीवर प्रत्यक्ष माणूस बसला तरच. फाडलेल्या तिकिटांची अर्धुके मोजा, प्रत्येकामागे तीनशे वजा करा, पावती द्या. सत्तर विकली गेली तर सूट २१,०००. संस्थेला सरसकट अनुदान दिले की ते कुणाच्या खुर्चीपर्यंत पोचले हे कळायला मार्ग नसतो. इथे मोजता येते.

‘कुठे’ हा प्रश्न जास्त अवघड, कारण सवलतीच्या खुर्च्या म्हटले की आयोजक शेवटची रांग दाखवणार. नाट्यगृहातल्या सगळ्या मागच्या जागा सारख्याच वाईट नसतात आणि पुढच्या सगळ्या चांगल्याही नसतात. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावे लागते, रंगमंचाच्या कडेमुळे नटाची पावले दिसत नाहीत आणि बाजूच्या स्पीकरचा आवाज एका कानावर आदळतो. तळमजल्यावर बाल्कनीच्या छताखाली येणाऱ्या शेवटच्या चार-पाच रांगांत दिसते ठीक, पण आवाज दबतो. हळू बोलणाऱ्या नटाचे शब्द तिथे पोचेपर्यंत विरतात. दोन्ही टोकांच्या शेवटच्या तीन खुर्च्यांवरून त्याच बाजूच्या विंगजवळचा कोपरा दिसत नाही, आणि दिग्दर्शकाने दार नेमके तिथे ठेवले असेल तर अर्ध्या प्रवेशांना फक्त आवाज ऐकू येतो. बाल्कनीची पहिली रांग, मधल्या दहा-बारा खुर्च्या, ही बऱ्याच नाट्यगृहांत पैशाच्या मानाने सर्वांत चांगली जागा: पूर्ण रंगमंच, पूर्ण हालचाल, आवाज मोकळा. फक्त कठडा उंच असेल तर दुसरी रांग घ्यावी. खिडकीवर ‘मागचे कुठलेही द्या’ म्हणण्याऐवजी प्लॅन मागून रांगेचे अक्षर आणि क्रमांक सांगितला तर तीनशेत पाचशेचे नाटक दिसते.

तेव्हा नव्वदपैकी चाळीस बाल्कनीच्या पहिल्या तीन रांगांत, तीस तळमजल्यावर छताच्या अलीकडे मध्यभागी, आणि वीस तळमजल्यावर दाराजवळ, पायऱ्या चढता न येणाऱ्यांसाठी. बाल्कनी स्वस्त असते पण सत्तरीच्या माणसाला तीस पायऱ्या चढायला लावते. स्वस्ताई सगळी वर नेऊन ठेवली तर ज्यांना ती हवी तेच गळतात.

विकायच्या कशा, यात घोळ होऊ शकतो. ॲपवर टाकल्या तर दहा मिनिटांत संपतील, आणि ज्यांचे बोट चपळ त्यांच्याकडे जातील. त्यांना पाचशेही परवडले असते. फक्त प्रयोगाच्या दिवशी खिडकीवर ठेवल्या तर पेडण्याचा माणूस बसभाडे खर्चून येईल आणि ‘संपली’ ऐकून परत जाईल. म्हणून निम्म्या प्लॅन उघडतो त्या दिवसापासून, कुठल्याही रवींद्र भवनाच्या खिडकीवर, कुठल्याही प्रयोगाच्या. निम्म्या प्रयोगाआधी दोन तास त्या त्या नाट्यगृहाच्या खिडकीवर. माणशी दोनच. उत्पन्नाचा दाखला मागू नये. शंभर रुपयांच्या तिकिटासाठी मामलेदार कचेरीचा हेलपाटा कुणी घालणार नाही, आणि गरिबी सिद्ध करून नाटक पाहणे कुणाला आवडेल? ज्याला परवडते तो थोडाबहुत गैरफायदा घेईलच. रांगेत उभे राहण्याचा कंटाळा त्यातले बरेच गाळेल.

सन्मानिकांनाही एक साधा नियम पुरे. पासावर खुर्चीचा क्रमांक छापू नये. प्रयोगाच्या दिवशी पहिली घंटा होण्याआधी पास देऊन क्रमांकाचे तिकीट घ्यावे. घेतले नाही तर खुर्ची करंट बुकिंगला. गोव्यात हे लागू करणाऱ्याला पहिले तीन प्रयोग शिव्या खाव्या लागतील. उशिरा येऊन टॉर्चच्या उजेडात पुढच्या रांगेत जाऊन बसणे हा आपल्याकडे मानाचा भाग आहे, तो सहजासहजी सुटणार नाही. पण सी रांगेतल्या त्या सात खुर्च्या करंटने प्रत्येकी तीनशेला गेल्या तर प्रयोगाला २,१०० रुपये येतात आणि सात माणसे दारातून परत जात नाहीत.

नाटक पूर्ण फुकट करा, सरकार पैसे देईल, असाही एक सूर निघतो. महोत्सवांत असे प्रयोग होतातही आणि त्यांना गर्दीही होते. पण फुकट प्रयोगाला कोण येणार हे आधी कळत नाही. कधी नऊशेच्या जागी चौदाशे दारात येतात, कधी चारशे. नाट्यगृह त्याची तयारी करू शकत नाही आणि निर्मात्याला आपल्या नाटकाला गोव्यात खरी मागणी किती, याचा अंदाज लागत नाही. शंभर रुपये मोजलेला माणूस पाऊस असला तरी येतो.

आणि मुंबईच्या नाटकाची वाटच बघत बसायचे नसेल, तर कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा आहेत. तिथे नाममात्र तिकिटात, कधी तिकिटाशिवायही, गोव्यातल्या संस्थांची तयारीची नाटके पाहायला मिळतात. त्यातले जे नाटक जमून आले त्याचे स्पर्धेनंतर चार-पाच प्रयोग तालुक्यांत का होत नाहीत? कलाकार इथलेच, ट्रक तीस किलोमीटर जाणार, मुक्काम नाही. वरच्या हिशेबातले कंत्राट, दौऱ्याचा बोजा, भाड्याची जादा यंत्रणा आणि वर्तमानपत्रातली जाहिरात गेली, हॉलभाडे, छपाई आणि कलाकारांचे बेताचे मानधन उरले, तर दीडशेच्या तिकिटात चारशे माणसांवर प्रयोग सुटतो. अडते ते मालिकेतला चेहरा नसल्यामुळे. चेहरा पाहायला पाचशे मोजणारा माणूस नाटक पाहायला दीडशे देत नाही, ही तक्रार मात्र निर्मात्याच्या किंवा सरकारच्या नावावर खपवता येणार नाही.

सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही, समितीही लागत नाही. नाट्यगृहाचे आरक्षण करताना आयोजक एक अर्ज भरतो: संस्थेचे नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ, वातानुकूलन हवे की नको. त्या अर्जात दोन रकाने वाढवायचे. एक, शंभर रुपयांच्या खुर्च्यांचे क्रमांक. दोन, सन्मानिकांची संख्या आणि त्या कुणाला. प्लॅन उघडतो त्या सकाळी हा कागद खिडकीच्या काचेवर आतून चिकटवायचा, लाल रेघ मारलेल्या कागदाच्या शेजारी.